पाठमोरं सभागृह

(विधानभवनात सिनेटच्या सभागृहामागे कोट टांगायची खोली. मार्चमधली सकाळ. सिनेटर हेस्टर व्हार्नम खुर्चीत बसल्या आहेत, गळ्याभोवती टॉवेल. त्यांच्यामागे कात्री घेऊन सिनेटर लुसिएन थेरियो, धंद्याने न्हावी. दोघं सत्तरी ओलांडलेले, पक्ष वेगवेगळे.)

लुसिएन : हलू नकोस म्हटलं ना! कान कापला गेला तर तुझ्या पक्षात एक ऐकणारा कमी होईल. आधीच दुष्काळ आहे.

हेस्टर : कात्री खाली ठेव, लुसिएन. मला बोलायचंय.

लुसिएन : मग बोल की. न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की सगळेच बोलतात. आमच्या फादरने पापं ऐकली नसतील तेवढी मी ऐकलीयत, आणि ती पण फुकट.

हेस्टर : काल जिन्यात भेटलो तेव्हा तू मला काय म्हणालास?

लुसिएन : नमस्कार म्हणालो असेन. चांगल्या घरचा आहे मी.

हेस्टर : ‘नमस्कार बाई, कुणाला भेटायचंय?’ असं म्हणालास.

लुसिएन : अगं, थट्टा केली!

हेस्टर : मलाही आधी तसंच वाटलं. मी हसले. तू नाही हसलास. वर मला अभ्यागतांच्या खोलीचा रस्ता दाखवलास. कोपराला धरून, अगदी अदबीने.

लुसिएन : मग अदबीने वागलो ना? तक्रार कसली?

हेस्टर : लुसिएन.

लुसिएन : मान खाली घे. डाव्या बाजूला तुझा भोवरा आहे, तिथे केस उभे राहतात. आज सगळे बघणार तुला. समोरच्या पक्षाची ज्येष्ठ म्हणून माझं नाव तू सुचवायचंस, आणि त्या वेळी मागून झाडू दिसलीस तर माझीच बदनामी.

हेस्टर : त्याबद्दलच बोलायचंय. ते नाव मी कसं सुचवू?

लुसिएन : उभी राहा आणि सुचव. सोपं आहे. प्रॅट गव्हर्नर व्हायच्या आधी, सभापतीच्या खुर्चीवर असतानाच आपण दोनदा मतं टाकली, दोन्ही वेळा सारखी पडली. तुझे तेवढे, माझे तेवढे. मतं सारखी पडली की सभागृहातला सगळ्यात जुना माणूस सभापती, आणि नाव समोरच्या पक्षाने सुचवायचं, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. ही रीत तुझ्याच आजोबांच्या वेळची. बाहेर भिंतीवर तसबिरीत टांगलेत, विचार त्यांना.

हेस्टर : रीत मला शिकवू नकोस. ‘यांच्याहून योग्य माणूस या सभागृहात नाही’ असं एक वाक्य असतं त्यात. रात्रभर ते घोकलं. घशाखाली उतरत नाही.

लुसिएन : का? खोटं आहे?

हेस्टर : कालपर्यंत खरं होतं.

ऑर्विल (दारावरचा शिपाई, आत डोकावत) : माफ करा, साहेब. बाई, नमस्कार. दाराशी मी आहे म्हणून सांगतो, गॅलरी भरली. थेरियो साहेब, तुमच्या चर्चच्या बायका दोन बस भरून आल्यात. डोनटचे डबे आणलेत. गॅलरीत खायला मनाई आहे म्हटलं, तर तुमच्या थोरल्या बहिणीने माझ्याच तोंडात एक डोनट कोंबला.

लुसिएन : ब्लांश! आली का ती? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं, जिना कशी चढली?

ऑर्विल : चढली कुठे, चढवली. दोघांनी उचलली. ‘आमच्यातला माणूस त्या खुर्चीवर बसलेला बघितल्याशिवाय मी मरायची नाही’ म्हणाली. सारखी घड्याळ बघतेय. मला भीती वाटली, बघितल्यावर लगेच मरते की काय.

हेस्टर : ऑर्विल, आम्हाला थोडा वेळ द्या.

ऑर्विल : थोडाच आहे, बाई. चिटणीस कागद लावून बसलेत. घंटेआधी येतो परत.

लुसिएन : ऐकलंस? दोन बस.

हेस्टर : ऐकलं.

लुसिएन : तुला नाही कळायचं ते. तुमची नावं इथल्या प्रत्येक भिंतीवर आहेत. आम्ही गिरणीत कामाला आलेली फ्रेंच माणसं. शाळेत तोंडातून फ्रेंच शब्द निघाला की बोटांवर पट्टी बसायची. ब्लांशच्या बोटाचं एक पेर अजून वाकडं आहे. ज्या साली शाळेत फ्रेंचबंदीचा तो कायदा झाला त्या साली खुर्चीवर कोण होतं? हातोडा कुणी आपटला?

हेस्टर : आजोबांनी.

लुसिएन : हां. मी निवडून आलो तेव्हा लोक म्हणाले, न्हावी सिनेटमध्ये, आता सगळ्यांची बिनपाण्याने होणार. हसलो मी. मग एकदा माझी पाळी आली होती, तेव्हा जानीन आजारी पडली. बायकोजवळ बसू की खुर्चीवर? नंतर पाळी आली तर पक्ष म्हणाला प्रॅट तरुण आहे, त्याला पुढे जाऊ दे. जाऊ दिला. आता तो गव्हर्नर झालाय आणि मी अजून शेवटच्या रांगेत. आणि आज तू, तू हेस्टर, मला सांगतेस की नको बसू?

हेस्टर : समोर ये.

लुसिएन : कशाला?

हेस्टर : खुर्चीला वळसा घालून समोर ये आणि माझ्या तोंडाकडे बघ.

लुसिएन : केस अर्धे राहिलेत.

हेस्टर : राहू देत अर्धे. ये.

लुसिएन : ...आलो. बघ. झालं?

हेस्टर : मी कोण?

लुसिएन : हेस्टर व्हार्नम. जनावरांची डॉक्टर. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी आणि सिनेटमध्ये त्याहून घाण कामं करणारी.

हेस्टर : हे तू माझा आवाज ऐकून सांगितलंस. मी गप्प बसले असते तर?

लुसिएन : टॉवेल सरकलाय तुझा.

हेस्टर : लुसिएन, मी गप्प बसले असते तर?

लुसिएन : तर एक म्हातारी बाई दिसली असती. चांगली वाटते. ओळखीची नाही.

हेस्टर : कधीपासून?

लुसिएन : गेल्या पानगळीत, सफरचंदं उतरवतात ना, त्या सुमारास. डॉक्टरने काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. ते पण विसरलो, आता बोल! तोंडं पुसली जातात गं. बाकी सगळं बऱ्यापैकी आहे. म्हणजे आहे आणि नाही. कधी एकच गोष्ट तीनदा विचारतो म्हणे. ब्लांशला माहीत आहे. बाकी कुणाला सांगितलं नाही.

हेस्टर : इतके महिने मी तुझ्या शेजारी बसते. मधे फक्त जायची वाट. मला कसं कळलं नाही?

लुसिएन : कसं कळेल? शेवटच्या रांगेतून दिसतं काय? माना. आणि माना मला कधी चुकणार नाहीत. तो सुकलेल्या भोपळ्यासारखा डोक्याचा मागचा भाग म्हणजे किनाऱ्याकडचा सिनेटर. दोन वळ्या आणि मधे तीळ, तो तुझ्या पक्षाचा वकील. जिच्या मानेवर केस बोटभर खाली उतरतात ती नवी मुलगी, विद्यापीठवाली. जन्मभर हेच बघितलं मी. आरशातली तोंडं ज्याची त्याने बघायची, न्हाव्याने मान बघायची. सगळं सभागृह मला पाठमोरं पाठ आहे.

हेस्टर : आणि सभापतीला ते समोरून दिसतं.

लुसिएन : काल मधल्या सुट्टीत वर जाऊन बसून बघितलं. म्हटलं, खुर्ची उंच आहे, पाय टेकतात का बघू. बरेच जण आपापल्या जागी होते. वर बसलो, मान वर केली आणि... हेस्टर, एकही माणूस ओळखीचा नाही. परक्या गावच्या बाजारात उभं राहावं तसं. सगळे माझ्याकडे बघून हसतायत, हात हलवतायत. मी पण हलवला. उतरलो तडक. आणि जिन्यात तू भेटलीस.

हेस्टर : तरी आज चांगला टाय लावून आलास.

लुसिएन : म्हटलं आवाजावरून चालवीन. कोण बोलायला उठलं ते आवाजावरून कळतं मला. आणि चिटणीस असतात खाली, कानात सांगतात. निभावेल. सत्र संपेपर्यंतच तर आहे.

हेस्टर : सभागृह निभावेल रे. सभागृहाची मला काळजी नाही. तिथे झोपलेले सभापती पण होऊन गेलेत, राज्य बुडालं नाही. पण प्रॅट गव्हर्नर कसा झाला? लोकांनी निवडला? आधीचे गव्हर्नर पद सोडून वॉशिंग्टनला मोठ्या कामावर गेले, आणि हा सभापती होता म्हणून वर सरकला. मंगळवारी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. तो टेबलावर झोपला की शुद्धीवर येईपर्यंत राज्य कुणाचं?

लुसिएन : सभापतीचं.

हेस्टर : नदीचा बर्फ फुटायला आलाय. पाणी चढलं की धरणावरून फोन येईल. दारं उघडायची की नाही, खालचं गाव हलवायचं की नाही. फोनवरचा माणूस तुझ्या ओळखीचा नसेल. तो घाईत असेल. तू विचारशील, तो सांगेल. तू परत विचारशील.

लुसिएन : खालचं गाव माझं आहे.

हेस्टर : म्हणूनच.

लुसिएन : ब्लांशचं घर पुलाला लागून आहे.

हेस्टर : ठाऊक आहे मला. तुझ्याकडे मटणाच्या सारणाची भाजकी पोळी खायला येते ना मी दर नाताळला.

लुसिएन : सरळ बस. मी मागे जातो. अर्धे केस घेऊन जाणार आहेस का?

हेस्टर : रागावलास?

लुसिएन : रागावलोय तर! खूप रागावलोय. मान खाली घे म्हणतो ना. रागात माझा हात चांगला चालतो.

हेस्टर : अजून एक आहे. ते सांगितलं नाही तर मी लबाड ठरेन. तू बाजूला झालास तर तुझ्यामागून जुनी मीच आहे.

लुसिएन : मला काय मोजता येत नाही?

हेस्टर : काल तू मला ओळखलं नाहीस तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट कुठली आली माहीत आहे? ‘म्हणजे आता मी.’ तुझ्याबद्दल वाईट वाटायच्या आधी हे आलं. मग घरी गेले आणि गोठ्यात जाऊन रडले. मला ती खुर्ची हवी आहे, लुसिएन. लहानपणापासून हवी आहे. आणि तुझा आजार ओळखणारी मी एकटी. उद्या लोक म्हणतील, व्हार्नमबाईने मित्राचा गळा कापला, तोही न्हाव्याच्या खुर्चीत.

लुसिएन : कात्री माझ्या हातात आहे, बये. गळा तुझा आहे.

हेस्टर : हसू नकोस. मी ठरवलंय. तू नाव मागे घेतलंस तर मीही घेणार. मग जो कोण तिसरा असेल तो बसू दे.

लुसिएन : तिसरा कोण ठाऊक आहे ना? तो किनाऱ्याकडचा भोपळा. त्याला नदी कुठून कुठे वाहते ते माहीत नाही. तुझ्या मनाची टोचणी जावी म्हणून ब्लांशचं घर त्याच्या हातात देऊ? वा! आपण बरे, आपलं मन बरं, गाव गेलं वाहून!

हेस्टर : मी तसं म्हटलं नाही.

लुसिएन : तसंच म्हटलंस. ऐक आता. इतका वेळ मी ऐकलं. मला हवं होतं ते. अजूनही हवंय, या क्षणीही. तू इथे आली नसतीस तर मी गेलो असतो आणि बसलो असतो, आणि मंगळवारी देवाचं नाव घेतलं असतं. मनातून वाट बघत होतो, कुणीतरी हात धरेल का. माझ्या पक्षातल्यांना शंका आलीच असेल, पण एकानेही धरला नाही. त्यांना खुर्ची हवी आहे, वर बसलेला शुद्धीत असो नसो. तू धरलास. आता धरलाच आहेस तर अर्ध्यावर सोडू नकोस.

हेस्टर : तुझ्या पक्षातले तुला फाडून खातील. खुर्ची समोरच्यांना दिलीस म्हणून. मंगळवारी दिवसभर गव्हर्नर आमच्या पक्षाची!

लुसिएन : खाऊ देत. शिव्या लक्षात राहायच्या नाहीत, एवढा तरी फायदा असू दे या दुखण्याचा.

हेस्टर : लुसिएन...

लुसिएन : रडू नकोस, मान हलते. तुझं नाव कुणी सुचवायचं? समोरच्या पक्षाच्या ज्येष्ठाने. म्हणजे मीच. ते वाक्य मला येतं, आणि माझ्या घशाखाली नीट उतरतं.

हेस्टर : आणि स्वतःचं नाव मागे घेताना काय सांगशील? ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ एवढं पुरे. कुणी विचारणार नाही.

लुसिएन : नाही. जानीनच्या वेळी सगळे असंच कुजबुजत होते. ‘बरं नाही, बरं नाही.’ ती चिडायची. म्हणायची, माझ्या रोगाला नाव आहे, मी काही चोरी केलेली नाही. मी सरळ सांगणार. मला तोंडं ओळखू येत नाहीत, उद्या याहून जास्त विसरेन, म्हणून हे राज्य माझ्या हातात देऊ नका. बस.

हेस्टर : ब्लांशसमोर?

लुसिएन : तिला माहीत आहे म्हटलं ना. तिला काय वाटतंय, मी लपवीन आणि बसेन. तिचा माझ्यावर तेवढा विश्वास आहे! बाकीच्या बायका रडतील. दोन बस भरून रडतील. त्याला इलाज नाही.

हेस्टर : इलाज आहे. थांब. रीतच आहे तशी. खुर्ची रिकामी असताना निवड कोण घेतं?

लुसिएन : सगळ्यात जुना सदस्य.

हेस्टर : मग? नावं जागेवरून सुचवायची. ती झाली की तू वर जायचंस, खुर्चीवर बसायचंस, हातोडा हातात घ्यायचा, हो म्हणणारे किती, नाही म्हणणारे किती विचारायचं. सगळे एका सुरात ओरडतात, कुणाला ओळखायची गरजच नाही. मग निकाल सांगून हातोडा आपटायचा. तोपर्यंत सिनेटचं आसन तुझं. इतिहासात नोंद होते त्याची.

लुसिएन : म्हणजे ब्लांश मला बसलेला बघेल.

हेस्टर : बघेल. आणि मला धरून आणणाऱ्या दोघांच्या मधे चालत मी वर येईपर्यंत तू उठायचं नाहीस. मी सावकाश येईन. माझे गुडघेही काही फार चांगले नाहीत.

लुसिएन : तुझे गुडघे घोडीसारखे आहेत.

हेस्टर : आज दुखतायत.

लुसिएन : ...झालं. झटकतो थांब. आता कशी माणसात आलीस. आजोबांच्या शेजारी तसबीर लागली तर मागच्या बाजूने काढा म्हणावं. न्हाव्याचं नाव निघेल.

ऑर्विल : साहेब, बाई, घंटा होतेय. चिटणीस विचारतायत, नाव ठरल्याप्रमाणेच ना?

लुसिएन : नाही, ऑर्विल. त्यांना सांगा, आधी मला बोलायचंय. जागेवरून.

ऑर्विल : बरं. आणि मग वर जाताना रीतीप्रमाणे ना? म्हणजे, सभापती निवडला की त्याला दोघं धरून आणतात, पण निवड घ्यायला जाणारा ज्येष्ठ एकटाच चालत जातो. वाटेत कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही. मी बाकीच्यांना बजावून ठेवतो.

लुसिएन : हो, हो. एकटाच. माहीत आहे मला.

ऑर्विल : मग दार उघडतो. तुम्ही या.

लुसिएन : हेस्टर.

हेस्टर : काय?

लुसिएन : ती वाट लांब आहे. शेवटच्या रांगेपासून पार वरपर्यंत. माझ्या जागेवर मी नीट बोलेन, ते जमेल. पण चालता चालता त्यांच्या पुढे गेलो की सगळी तोंडं दिसायला लागतील. मधेच मला कळेनासं झालं, मी कुठे चाललोय, कशाला, तर?

हेस्टर : तर मी उठून येईन.

लुसिएन : अगं, मधे उठायचं नसतं. आत्ताच सांगून गेला ना तो. तुझ्या आजोबांपासून कुणी मोडली नाही ती रीत.

हेस्टर : मग आज मी मोडते. चल.